बघून बोला, आठवून नको

सुधा गेल्याचा फोन तिच्या ऑफिसातल्या नामदेवने केला. "वहिनी, ताई गेली," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. सुधा म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. रोह्याजवळ वरसे गावात राहायची आणि शनिवारी आमच्याकडे पेणला मुक्कामाला यायची. मुलांनो, तुम्ही इतके लांब, की तुमच्या लेखी ती फक्त पोह्याचे पापड पाठवणारी आत्याआजी. रडून झालं आहे. महिना उलटल्यावर जो उरला आहे तो राग, आणि तो मी क्रमाने लिहिणार आहे. कारण शोकसभेत तिच्या कंपनीतले मोठे साहेब तिच्या फोटोला हार घालून म्हणाले, "सुधाताई कामाला वाघ. पण काळ बदलला, कॉम्प्युटर आले, आणि ते काही त्यांना जमलं नाही." लोकांनी माना डोलावल्या. वाईट वाटल्यासारख्या.

रोह्याच्या त्या कंपनीत रसायनांच्या मोठमोठ्या टाक्या बनत. सुधा तिथे ट्रेसिंगच्या, म्हणजे ड्रॉइंगवर पातळ कागद ठेवून ते गिरवायच्या, कामावर लागली आणि ड्रॉइंग ऑफिसची प्रमुख झाली. तिथे एक रिवाज होता. ड्रॉइंग पुरं झालं की इंजिनियर एकेक माप मोठ्याने वाचणार, आणि ते काढणारा ड्राफ्ट्समन कागदावर बोट ठेवून "हाय", म्हणजे 'आहे', म्हणणार. बोट ठेवल्याशिवाय कोणी "हाय" म्हटलं, की सुधा आपल्या टेबलावरून ओरडायची, "बघून बोला, आठवून नको!" कासूहून गाडीने येणारा नामदेव तिथलाच ड्राफ्ट्समन. तो तिला चिडवायचा, "ताई, तुमी लग्नात मंगलाष्टकं पन तपासाल." ती म्हणायची, "तुझ्या लग्नात तपासायलाच पाहिजे होती."

मग कॉम्प्युटर यायचं ठरलं आणि शिकवणी कोणाची घ्यायची ते बघायला साहेबांनी सुधालाच पाठवलं. हे लक्षात ठेवा. साहेबांनीच पाठवलं. टाकीच्या एका ड्रॉइंगची गुंडाळी काखेत मारून ती दोन ठिकाणी गेली आणि दोन्हीकडे म्हणाली, "हे काढून दाखवा." मुंबईच्या मोठ्या संस्थेत तिला एक बंगला पडद्यावर गोल फिरवून दाखवला. गुंडाळी कोणी उघडलीच नाही. पनवेलच्या एका लहानशा क्लासमधल्या मास्तरांनी मात्र ती टेबलावर पसरली, चुकतमाकत काढायला घेतली आणि मध्येच विचारलं, "बाई, ही रेघ इथे तुटक का?" त्या शनिवारी सुधा ओट्यावर चपला काढतानाच म्हणाली, "वहिनी, माणूस मिळाला. कंपनीत येऊन शिकवायला तयार आहे. इंजिनियर आणि ड्राफ्ट्समन एका यंत्रासमोर जोडीने बसतील, आपल्याच ड्रॉइंगवर शिकतील." इतकी खूश मी तिला क्वचितच पाहिली.

साहेबांनी मुंबईची संस्था निवडली. तिथे हॉटेलात जेवण होतं आणि शेवटी इंग्रजी सर्टिफिकेट. तेही फक्त पदवीवाल्या, इंग्रजी येणाऱ्या इंजिनियरांना. नामदेव आणि बाकीचे रोज विचारत, "ताई, आमचा नंबर कवा?" सुधा साहेबांच्या केबिनमध्ये गेली. ते म्हणाले, "इंजिनियर शिकून येतील, ते तुम्हाला शिकवतील." ती म्हणाली, "म्हणजे पोहायला एकाला शिकवायचं आणि पाण्यात दुसऱ्याला ढकलायचं." मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. माझ्या त्या इंग्रजीचा मला एवढा संताप कधी आला नव्हता. ज्या माणसांना ड्रॉइंग येत होतं त्यांना इंग्रजी येत नाही, एवढ्यावर त्यांना दाराबाहेर ठेवलं होतं!

इंजिनियर आले. शिकवलं कोणी कोणाला नाही. सर्टिफिकेट हातात पडताच दोघे दुसरीकडे नोकरीला लागले. उरलेल्यांनी मोठ्याने वाचायचा रिवाज बंद केला, कारण म्हणे कॉम्प्युटर चुकत नाही. मग कॉम्प्युटरवर एका टाकीच्या ड्रॉइंगचा अर्धा भाग काढून त्यांनी त्यावरून उरलेला अर्धा उलटा पाडून घेतला, आरशात पडावा तसा. त्यात नळ्या जोडायची तोंडं भलत्या बाजूला गेली. वाचलं असतं तर पहिल्याच मापाला कोणीतरी अडलं असतं. कोणी वाचलं नाही. टाकी तशीच बनली, गिऱ्हाइकाकडे पोचली आणि परत आली. ठपका आला तो "ड्राफ्ट्समननी सहकार्य केलं नाही" असा. ड्रॉइंगची कामं बाहेर द्यायला लागले. नामदेवला स्टोअरमध्ये बसवलं आणि सुधाला माल रवाना करण्याच्या खात्यात.

आणि आता ते ऐका, जे त्या सभेत कोणी सांगितलं नाही. सुधा दर रविवारी पनवेलला त्या मास्तरांकडे जाऊन शिकली. आमच्याकडचा रविवार त्यासाठी मोडला. शिकून तिने टाकीचं अख्खं ड्रॉइंग काढलं आणि साहेबांपुढे ठेवलं. ते म्हणाले, "छान. पण तुमच्याकडे आपल्या कोर्सचं सर्टिफिकेट नाही ना." यंत्राला तिला हात लावू दिला नाही. निवृत्त होईपर्यंत ती खोक्यांवर पत्ते चिकटवत होती.

शोकसभेत साहेबांचं बोलणं संपलं तेव्हा मागून नामदेव उठला. पंख्याच्या घरघरीतही त्याचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं. "ताई शिकली होती, साहेब. तुमी तिला बसू दिली नाय." साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, "माझ्या आठवणीप्रमाणे तसं काही…"

आठवणीप्रमाणे! तिच्या फोटोसमोर उभं राहून!

घराबाहेर पडताना सुधा ओट्यावर थांबून विचारायची, "मागचं दार?" मी म्हणायची, "लावलंय गो." ती पायरी उतरायची नाही. "बघून बोला वहिनी, आठवून नको." मी कुरकुरत आत जायची. दार बहुतेक वेळा लावलेलंच असायचं… कालही बाजारात निघताना ओट्यावर आले आणि पाय अडला. "मागचं दार?" मीच विचारलं. उत्तर मला माहीत होतं. तरी चप्पल काढली, आत गेले, कडीवर बोट ठेवलं आणि रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाले, "हाय."