नाळेवरची फडकी

माझे दाजी सवेंग म्हणजे विहारातल्या भिक्षूने मनगटाला बांधलेला दोरासुद्धा सुताचाच आहे ना, हे ओढून बघणारे गृहस्थ. फांगनाच्या खाडीत तीस वर्षं त्यांनी कंपनीच्या होड्यांतून पाहुणे फिरवले. स्वतःची होडी मात्र कधी घेतली नाही, कारण एकीवरही त्यांचा विश्वास बसला नाही.

ते निवृत्त झाले त्या दिवशी नुआनताई, म्हणजे माझी मोठी बहीण, म्हणाली, "जगाला बेटं दाखवलीत. आता मला दाखवा." तिला काचबिंदू आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नजर वर्षभर टिकेल, फार तर दीड. त्यातले आठ महिने दाजींनी होड्या बघण्यात घालवले आणि प्रत्येक वेळी मला बरोबर नेलं. मला आजही त्याचा राग येतो.

पहिल्या होडीला नवा रंग होता. दाजी म्हणाले, "रंग ताजा म्हणजे खाली काहीतरी शिळं आहे." तळाला साचलेल्या पाण्यात बोट बुडवून त्यांनी जिभेला लावलं. "खारट. बुन्चू, ही समुद्र पिते. पाणी गोडं असतं तर पावसाचं म्हटलं असतं." दुसरी उंच नाळेची, म्हणजे पुढचं टोक वर उचललेली, आणि खोल तळाची. "ही लाटा फोडायला बांधलेली. आपल्या खाडीत लाटा कुठायत? ओहोटीला तिवरांत शिरली की संध्याकाळपर्यंत चिखलात बसेल, आणि तुझी ताई तिच्यात." इथपर्यंत त्यांचं बरोबर होतं, हे मी नाकारत नाही. पण तिसरी त्यांनी सोडली ती मालक फार हसतो म्हणून, आणि चौथी, मालक हसतच नाही म्हणून.

एक दिवस ताईने भाताचं भांडं चुलीवरून उतरवलं आणि टेबलाच्या कडेबाहेर ठेवलं. भात जमिनीवर सांडला. तिने तो चाचपत गोळा केला. दाजी बघत राहिले.

मी म्हणालो, "दाजी, जमरियनमावशी नवऱ्याची होडी विकतायत. तुमच्या पायरीपासून दहा पावलांवर आहे."

"शेजाऱ्याची वस्तू घेऊ नये."

"का?"

"तिच्यातला दोष शेजाऱ्यालाच ठाऊक असतो."

"अहो, मग तुम्हीच शेजारी आहात की!"

शेवटी ते आले. होडी रुंद, सपाट तळाची, वर छप्पर. कड इतकी खाली की धक्क्यावरून नुसतं बसावं. फळ्या ठोकल्या, आवाज भरीव आला. तळाचं पाणी चाखलं, ते गोडं निघालं. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात दाजींची नजर नाळेवर गेली. नाळेवर होडीची देवी, मे या नांग, बसते. नव्या होडीला तिच्यासाठी तीन रंगांची फडकी बांधतात. होडीच्या हातून काही वाईट घडलं, तर मालक क्षमा मागायला आणखी एक बांधतो. या नाळेवर फडक्यांचा मुटका झाला होता.

दाजी पुटपुटले, "चौदा. बुन्चू, हिने माणसं बुडवलीयत." मग मोठ्याने, "मावशी, हे काय प्रकरण आहे?"

जमरियनमावशी वाळत घातलेली कोळंबी उलटवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घरी जाऊन विचार."

"बघितलंस? टाळतेय!" दाजी तरातरा घरी निघाले. माझं डोकं फिरलं. मीही मागोमाग गेलो आणि ताईसमोरच बोललो, "ही शेवटची होडी. हीपण नको म्हणतायत. का, तर नाळेवर चौदा फडकी आहेत!"

ताई उठली. "मला तिथं ने," म्हणाली.

धक्क्यावर बसून तिने फडकी एकेक करून बोटांनी चाळली. एकाला काजं होती. "हे माझं हिरवं पोलकं. तुम्ही इंजिन बंद पडून रात्रभर बेटामागे अडकलात, त्या वेळचं." दुसरं विरून दोरा झालं होतं. "हे आपल्या थोरलीच्या झोळीचं. वारा फिरला होता आणि कंपनी फोन उचलत नव्हती."

मागोमाग आलेले दाजी फडक्यांवर वाकले. "तू बांधलीस? या होडीला?"

"तुमची होडी होती कुठं नवस बोलायला? कंपनीचा धक्का दोन तास लांब. ही चुलीपासून दहा पावलांवर. मावशी म्हणाल्या, बांध, पाण्यात असणाऱ्या सगळ्यांची देवी एकच. तुम्हाला सांगितलं असतं, तर देवी खरी का, हेही चाखून बघितलं असतंत."

तीन फडकी होडीची. अकरा दाजींची.

दाजींनी सगळ्यात वरचं, करकरीत पिवळं फडकं धरलं. "आणि हे? मी तर आता पाण्यावर जातच नाही."

"ते मागच्या महिन्यातलं," ताई म्हणाली. "मला दिसतंय तोवर तुम्हाला एखादी होडी पटू दे म्हणून."

दाजींनी पिवळं फडकं सोडलं. तीस वर्षं भरती-ओहोटी ज्यांना तोंडपाठ होती, त्यांनी डोळे पुसत जमरियनमावशींना विचारलं, "मावशी, आज भरती कधी लागते?"