शेवंताचा आहेर

तर ती दहाची नोट बयाबाईनं पदराच्या गाठीत तीन महिने बांधून ठेवली, इथपर्यंत आलो होतो आपण काल. तेवढ्यात जेवायची हाक आली. झालं होतं असं, की दौंड स्टेशनात एका प्रवाशानं खिडकीतून हार घेतला, वीसची नोट दिली, आणि सुटे दहा परत घ्यायच्या आत गाडी हलली. बयाबाई फलाटाच्या टोकापर्यंत धावली. मग तीन महिने रोज ती गाडी आली की एकेका खिडकीत डोकावत उभी. शेवटी माणूस सापडला, तर त्याला काही आठवेना. दहा रुपये घेईना. तेव्हा बयाबाईनं दहा रुपयांचे गजरे त्याच्या मांडीवर टाकले आणि मोकळी झाली.

अशी बाई. फुकटचं म्हणून तिच्या घरात काही शिरायचं नाही. एकच गोष्ट शिरली, ती म्हणजे शेवंता.

बयाबाई मूळची केंदूरची, शिरूर तालुक्यातली. तिथं तिच्या भावाची फुलशेती. त्याच्याकडून सकाळच्या यष्टीच्या टपावर शेवंतीचं गाठोडं यायचं. लग्न होऊन दौंडला आली, रेल्वे कॉलनीमागच्या बौद्ध वस्तीत. नवरा लवकर गेला, लेक सासरी नांदती. तेव्हापासून स्टेशनासमोर बसून हार गुंफणं. विहारातल्या मूर्तीचा हार तिचा, मारुतीचा तिचा, पुढाऱ्याच्या गळ्यातला तिचा, आणि तिरडीवरचाही तिचाच. मी रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा, पॉइंटमन म्हणून रिटायर झालेला. सकाळचा चहा घेऊन तिच्या फळीवर जाऊन बसायचो, ते दुपारपर्यंत उठायचो नाही.

एका गाठोड्यातून फुलांबरोबर मांजराचं पिल्लू निघालं. केंदूरहून टपावर बसून आलेलं, बिनतिकिटाचं. पांढरं, पाठ सगळी फिकट पिवळी. बयाबाईनं नाव ठेवलं शेवंता.

थंडीत सकाळी भीमेवरून धुकं यायचं. रूळ दहा पावलांवर नाहीसे व्हायचे, गाडी नुसती आवाजानंच यायची. पाटसच्या साखर कारखान्याचा गोडसर, मळीचा वास वाऱ्यावर असायचा. त्या पांढऱ्या अंधुकात बयाबाईची टोपली तेवढी पिवळी, आणि टोपलीत फुलांवर शेवंता झोपलेली. फुलं कुठं संपली आणि मांजर कुठं सुरू झालं, कळायचं नाही. मी म्हणायचो, "बयाबाई, देवाच्या हारात मांजराचा केस जायचा एखादा."

ती म्हणायची, "जाऊं द्या की आबा. द्येवाला बी थंडी वाजत आसंल."

दोन हजार तीनचं साल असावं. फेब्रुवारीतली गोष्ट. त्या दिवशी वस्तीत लग्न होतं. आमच्या रोहिदास फिटरची पुतणी राजश्री, आणि पाटसचा विनोद. मांडवाची सगळी फुलं बयाबाईकडं. पहाटेपासून तिची बोटं चाललेली. सकाळी मी गेलो तर हार तयार, आणि बयाबाई फळीखाली वाकून बघतेय. शेवंता टोपलीत नव्हती; फळीखाली बसून पुढच्या पायानं तोंड झाडत होती. लाळ गळत होती.

"काल दुपारपास्नं घास न्हाई घेतला," बयाबाई म्हणाली. तिनं हळूच जबडा उघडला. जिभेखाली पांढरा दोरा अडकलेला, पुढं घशात गेलेला. तिनं माझ्याकडं बघितलं. "आबा, काल माजी येक सुई सापडली न्हाई. मला वाटलं, पडली आसंल कुटंतरी."

मी दोरा धरायला हात पुढं केला, तर बयाबाईनं फाडकन हातावर चापट मारली. देवानं बुद्धी दिली म्हणायची तिला. जनावरांच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "ओढला असता तर आतडं कापलं असतं." भला माणूस. पण त्याच्याकडं गाईम्हशींची अवजारं. मांजराच्या पोटातला फोटो काढायचं यंत्र कुठलं असणार? म्हणाला, "पुण्याला न्या. आजच. दुपारच्या पॅसेंजरनं निघा. सुई आतड्यात उतरली असेल तर उद्यापर्यंत राहणार नाही ती. सगळे मिळून अडीचेक हजार लागतील."

बयाबाईच्या पिशवीत साडेतीनशे होते. मी घरून दोनशे आणले. तिनं नोटा बघितल्या आणि विचारलं, "ह्याचं किती हार हुत्यात?"

"बयाबाई, ही हार मोजायची वेळ हाय का?"

"वीस हुत्यात. बांधून द्येती. न्या."

आता वीस हार घेऊन मी काय करू? स्वतःच्या फोटोला घालू? पण तिची मान हलेना. मांजर मरतंय हे दिसत होतं तिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं भान नव्हतं. पण हात पसरणार नाही. "सुई माजी," म्हणाली. "चूक माजी. लोकांनी का भरायचं?"

तेव्हा मला एक सुचलं, आणि ते सुचलं म्हणून मी स्वतःवर फार खूश झालो. आहेर! आपल्याकडं आहेराला कोण नाही म्हणतं? आज तुम्ही माझ्या कार्यात केला, उद्या मी तुमच्या कार्यात करीन. त्याची लाज नसते. बयाबाईला म्हटलं, तर ती जरा विचारात पडली. मग हळूच म्हणाली, "आहेर चालंल. फेडता येतो त्यो."

मांडवात त्रिशरण-पंचशील झालं होतं. पांढऱ्या साडीतली नवरी, पांढऱ्या शर्टातला नवरा, वरून बयाबाईच्या फुलांच्या पाकळ्या. माईकवर मच्छिंद्र. दौंडात कुणाचंही लग्न असो, आवाज मच्छिंद्रचाच. मी त्याच्या कानात सांगितलं. त्यानं घसा साफ केला: "मंडळी, या मांडवाला फुलं देणाऱ्या आपल्या बयाबाई. त्यांच्या मांजरीला आज दुपारी ऑपरेशनला पुण्याला न्यायचंय. त्यासाठी आहेर स्वीकारण्यात येत आहे. माईकजवळ आणून द्यावा, ही विनंती!"

आता चूक कुणाची ते ऐका. लग्नात मानपान असतो. पुरुषाला टॉवेल-टोपी, बाईला ब्लाउजपीस, वर नारळ. तो टॉवेल कुणी अंग पुसायला वापरत नाही. या लग्नात मिळालेला पुढच्या लग्नात द्यायचा. एकेक टॉवेल दहा-दहा मांडव फिरून आलेला असतो. तासाभरापूर्वीच सगळ्यांना मानपान वाटून झाला होता. आहेर म्हटल्यावर माणसाचा हात खिशात जाईल का काखेतल्या पिशवीत?

बघता बघता बयाबाईपुढं ढीग. टॉवेल, टोप्या, ब्लाउजपीस, नारळ. रश्मी नावाच्या पोरीनं तर टोपलीतल्या शेवंताला टोपी घातली. सोजरबाई म्हणून एक म्हातारी, तिनं मांजरीला कुंकू लावलं, ओटीचे तांदूळ टाकले आणि म्हणाली, "सुखरूप मोकळी हो गं बाई." तिला वाटलं, बाळंतपण आहे. रोख निघाले एकशे चाळीस. आणि पॅसेंजरला राहिले दोन तास.

बयाबाई त्या ढिगाकडं बघत राहिली. मला म्हणाली, "आबा, तुमी आहेर म्हनालासा. मदत म्हनला आसता तर बरं झालं आसतं का?"

"मदत तू घेतली असतीस?"

"न्हाई."

मांडवाच्या कापडातून दुपारचं ऊन गाळून येत होतं. सगळं पिवळसर, तळ्याच्या पाण्याखाली असल्यासारखं. माणसं जेवून जड झालेली, आवाज लांबून आल्यासारखे. खरं सांगतो, ते दोन तास मला अजून स्वप्नात येतात, आणि स्वप्नातही ते असेच असतात, काही वाढवावं लागत नाही. त्या उन्हात मच्छिंद्रनं एक टॉवेल उचलला. आमचा मच्छिंद्र जत्रेत नारळाचे लिलाव पुकारायचा. त्याला काय वाटलं कोण जाणे, टॉवेल झेंड्यासारखा धरून तो ओरडला, "टॉवेल एक! सरकारी बोली पाच रुपये!"

"दहा," मी म्हणालो.

"अकरा!" हा आवाज नवऱ्याच्या मामाचा. मारुतराव, कारखान्यात काट्यावर ऊस मोजायला. मिशा अशा, की ट्रॅक्टरवाले घाबरून दोन मोळ्या जास्त टाकायचे.

रोहिदास फिटरनं मान वर केली. नवरीकडचा माणूस, आपल्या मांडवात पाटसकराची बोली वर? "एकवीस!"

"पाटसकर एक्कावन्न!"

"लिही रे, दौंडकर एकशे एक!"

"अहो फिटरसाहेब, टॉवेल हाय, इंजिन न्हाई."

"मारुतराव, तुमी काट्यावर वजन करा. बोली आमाला करूं द्या."

मग काय, मांडव उठून बसला. दोन्हीकडची माणसं पुढं सरकली. ज्यानं टॉवेल दिला होता तोच परत विकत घ्यायला लागला, तिप्पट किमतीला. जावई राहिले बाजूला, व्याही-व्याह्यांची जुंपली. मच्छिंद्र "एक बार... दोन बार..." म्हणत असा लांबवायचा, की श्वास अडकावा. मारुतरावांनी शेवटचा नारळ पाचशे एकला घेतला, आणि रोहिदासला मिठी मारून म्हणाले, "पोरगी दिलीत, आता नारळ बी घेऊं द्या."

गोळाबेरीज अडीच हजारांवर गेली, तेव्हा बयाबाईला मी भीत भीत विचारलं, "चालेल का?"

ती म्हणाली, "ही इक्री झाली. इक्री चालती." आणि ज्यानं ज्यानं काही घेतलं, त्याच्या गळ्यात मांडवातल्या माळा उतरवून घातल्या. फुकट नको म्हणून.

पॅसेंजर वेळेवर आली, हेही स्वप्नातलंच. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी काळी फिल्म उजेडात धरली. त्यात सुई चंद्राच्या कोरीसारखी शांत पडलेली. संध्याकाळी ऑपरेशन झालं. बाई म्हणाल्या, "तीन दिवस काही सांगता येणार नाही." बयाबाई तीन दिवस दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहिली. तिथंही ती गप्प बसली नाही. कोपऱ्यावरच्या फुलवाल्याचे हार गुंफून दिले, दोन वेळच्या जेवणावर.

चौथ्या दिवशी मी आणायला गेलो. पोटावर पट्टी, अंगात माशीएवढं बळ, पण शेवंतानं माझ्या बोटावरचं दूध चाटलं.

परतीच्या गाडीत आमच्या समोर एक गवळी बसला होता, रिकाम्या किटल्या घेऊन. बाहेर उसाचे तुरे उन्हात चंदेरी झालेले, हळूहळू मागं सरकत होते. टोपली बयाबाईच्या मांडीवर. गवळ्यानं सगळी हकिकत विचारून घेतली. मी ती अर्थात जरा खुलवून सांगितली. खर्च ऐकल्यावर त्यानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "मावशी, मांजरापायी अडीच हजार? तेवढ्यात दुभती शेळी आली असती की!"

बयाबाईनं टोपलीवरचा पदर जरा सारखा केला. आत बघितलं. मग त्याला म्हणाली,

"व्हय रं बाबा, शेळी आली आसती. पर ही गेली आसती न्हवं."