शोभाकडचं मानाचं ताट

आधी चहा घ्या, निवतोय. आणि मी आता जे सांगणार आहे ते या ओट्यावरून खाली उतरू देऊ नका. तसं ते सगळ्या गल्लीला ठाऊक झालंय, पण माझ्या तोंडून गेलं असं व्हायला नको. एवढी फजिती माझी उभ्या जन्मात झाली नव्हती, आणि झाली ती भरल्या ताटावर.

मी जरा चौकस आहे. लोक याला दुसरा शब्द वापरतात, मला माहीत आहे. पण शेजारच्या फोडणीचा वास आपल्या नाकात आला तर नाक काय डब्यात ठेवायचं? भिंतीला भिंत लागून घर. पलीकडे शोभा, तिचा नवरा रमेशभाऊ आणि सासरे आप्पा. सासू म्हणजे जिजी, त्या वारल्या. आप्पांची जसोंडीला केळीची बाग आहे, पण आता ते बहुतेक ओसरीवरच्या खाटेवर असतात. आणि आमची दोघींची गच्ची एक. मधे नुसती वीतभर उंचीची कड.

आता बुऱ्हानपूरचा उन्हाळा तुम्हाला काय सांगायचा. दिवसभर माणूस घरात भाजतो आणि संध्याकाळी गच्चीवर जिवंत होतो. ऊन उतरलं की आम्ही दोघी बादल्या घेऊन वर. तापलेल्या स्लॅबवर पाणी मारलं की तो चर्र आवाज आणि वाफेचा वास. मग सतरंज्या, कैरीचं पन्हं, खरबुजाच्या फोडी, आणि खालून जाणाऱ्या येणाऱ्यांची विचारपूस. कोण कुठे चाललं, कोणाच्या पिशवीत काय. लोक पैसे भरून थंड हवेच्या ठिकाणी जातात. जाऊ देत. त्यांना तिथं शोभासारखी शेजारीण मिळते का?

तर ही शोभा होळीनंतर माझ्याशी बोलायची बंद झाली.

कारण काय, तर कुरडया. तिनं गच्चीवर वाळत घातल्या होत्या. चार बायका जमल्या होत्या आणि मी आपली सहज म्हणाले, “शोभा, या वर्षी कुरडई काळी पडली गं. गहू जास्त आंबला वाटतं.” यात काय वाईट आहे सांगा. काळीला काळी नाही तर काय म्हणायचं? पण ती सगळ्यांसमोर म्हणाली, “वहिनी, तुमच्या पांढऱ्याशुभ्र आहेत, खरंय. बुधवाऱ्यातल्या दुकानात नेहमी पांढऱ्याच मिळतात.”

बायका हसल्या. मी खाली निघून आले. कुरडया दुकानातल्या होत्या, हा मुद्दाच वेगळा. मोठ्यांना उलट बोलायचं का, हा मुद्दा आहे.

तेव्हापासून ती तिच्या अर्ध्या गच्चीवर पाणी मारायची, मी माझ्या. कडेपर्यंत. एक थेंब इकडचा तिकडे नाही. तुम्ही कधी खरबूज एकटीनं खाऊन पाहिलंय? गोड लागतं, पण ते कोणाला सांगायचं? आमचे हे गच्चीवर येतात ते झोपायलाच. मला आतून फार वाटायचं की बोलावं. पण ती लहान, मी मोठी. आधी तिनं वाकायला हवं. म्हणून मी रोज संध्याकाळी वर जाऊन मोठ्यानं खोकायचे, म्हणजे तिला माफी मागायला सोपं जाईल. ती एकदा म्हणाली, “आप्पा, त्या खोकल्याच्या गोळ्या कुठं आहेत, शेजारी द्यायच्यात.” बघा कशी आहे ते.

अशात आखाजी आली. अक्षय तृतीया हो. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात आणि त्याच्या नावानं कोणाला तरी पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालतात. पुरुषासाठी पुरुष, सवाष्ण गेलेल्या बाईसाठी सवाष्ण. तो माणूस जेवला की गेलेलं माणूस जेवलं. त्यानंतरच घरातले आंब्याला तोंड लावतात. हे सगळं मला पाठ आहे. आमच्याकडे सासऱ्यांच्या नावानं ह्यांचा एक मित्र दरवर्षी येतो आणि वाट्यांवर वाट्या रस पिऊन जातो. सासरे सुद्धा इतका प्यायचे नाहीत.

त्या दिवशी सकाळी मी खिडकीत सहज उभी होते. तर कोपऱ्यावरच्या सुमनताई शोभाच्या घरातून पदरानं तोंड पुसत बाहेर पडल्या. मी मनात म्हटलं, झालं, जिजींच्या नावानं सुमनताई जेवल्या. दरवर्षी त्याच बसतात. पण इतक्या लवकर? उन्हाच्या आधी उरकलं असेल. माझा हिशेब असा पक्का असतो.

थोड्या वेळानं दारात शोभा. कपाळाला घाम, हाताला पुरण.

“वहिनी, दुपारी जेवायला या. आज जिजींच्या…”

मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, “येते गं, येते. तू बोलावलंस आणि मी येणार नाही?” आणि तिचा विचार बदलायच्या आत दार लावून घेतलं.

आत येऊन ह्यांना सांगितलं, “आली शेवटी वळणावर. सणाचं निमित्त काढून माफी मागतेय.”

हे पेपरातून म्हणाले, “मी पण येऊ?”

“तुम्हाला नाही बोलावलं. हे आमचं दोघींचं आहे.”

ह्यांचा मित्र आमच्याकडचा रस पिऊन गेला, तशी मी जांभळी इरकल नेसले आणि गेले.

उन्हातून आत गेल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. खिडक्यांना ओले पडदे, खोलीत काळोख. शोभानं मला हाताला धरून पाटावर बसवलं. पाट एकच. भोवती रांगोळी. माझे पाय धुतले, पुसले, कुंकू लावलं. मी म्हटलं, माफी मागावी तर अशी. मी उगाच नुसत्या “सॉरी वहिनी”वर समाधान मानणार होते.

मग ताट आलं. खापरावरचे मांडे, सांजोऱ्या, आमरस, कुरडई, भजी. आणि रसाच्या वाटीला खेटून एक कपभर चहा, त्यात बुडवलेला टोस्ट. सणाच्या ताटात चहा-टोस्ट? मग माझ्या लक्षात आलं. मला चहा आवडतो हे पोरीच्या लक्षात आहे. डोळे भरून आले माझे. सांजोऱ्यांचे तर बारीक बारीक तुकडे करून ठेवलेले. माझे दात सगळे शाबूत आहेत, पण म्हटलं, माया आहे, असू दे.

एक गोष्ट मात्र खटकली. कूलर बंद. बाहेर आग पडतेय आणि कोपऱ्यात कूलर गप्प. मी म्हणाले, “रमेशभाऊ, कूलर बिघडला का?”

“नाही वहिनी, चालू आहे. पण आज नको.” आणि ते स्वतः उभे राहून मला हातपंख्यानं वारा घालू लागले. एवढा मोठा हेड क्लार्क माणूस. मला इतकं संकोचल्यासारखं झालं की मी त्यांना जरा डावीकडूनही घाला म्हटलं.

कोणीच माझ्याबरोबर जेवायला बसलं नाही. आप्पा दारात उभे. खांद्यावरचा टॉवेल काढून हातात धरलेला.

“आप्पा, आत या ना.”

“मी इथंच बरा आहे,” आप्पा म्हणाले.

मी पहिला घास घेतला. खरं सांगते, रस अमृत होता. पण लगेच अमृत म्हटलं तर मान कसा राहणार? मी म्हटलं, “रसात सुंठ घातली नाहीस. बाधेल एखाद्याला.”

मला वाटलं, शोभाचं तोंड उतरेल. तर ती रमेशभाऊंकडे बघून हसली. रमेशभाऊही हसले. मी जरा गोंधळले. मग म्हटलं, माझं मत यांना हवंच आहे तर मागे का राहायचं?

“मांडा एका कडेला जाड झालाय.”

शोभाचे डोळे चमकले. “अजून सांगा,” ती म्हणाली.

आता मला सांगा, असं तुम्हाला आजवर कोणी म्हटलंय? मला तर नाही. मी सुटले. भज्यात सोडा जास्त आहे. पडदे धुवायला झालेत. रमेशभाऊ, गुटखा सोडा, दात बघा कसे झालेत. शोभा, सणाला अशी साधी साडी नेसतात का. एकेक वाक्य निघावं आणि त्या घरात जणू दिवाळी व्हावी. रमेशभाऊंचा पंखा मधेच थांबला, ते डोळे पुसत होते. मी आप्पांनाही सोडलं नाही. म्हटलं, “आप्पा, दिवसभर त्या खाटेवर लोळता, जरा पाय मोकळे करत जा.”

आप्पा ताठ उभे राहिले. “हो,” म्हणाले. आणि हळूच रमेशभाऊंना, “आवाज बी तोच शे रे.”

मला वाटलं, उष्म्यानं आप्पांना भ्रम झाला.

जेवण झालं. शोभानं नारळ-खणानं माझी ओटी भरली आणि खाली वाकून माझे पाय धरले. नुसतं वाकणं नाही, धरूनच बसली. म्हणाली, “मी फार उलट बोलले तुम्हाला. खूपदा बोलले. मनात काही नव्हतं, तोंड असं आहे माझं. पोटात घाला.”

बघा, याच क्षणासाठी मी इतके दिवस खोकत होते. “खूपदा” का म्हणाली ते कळलं नाही, माझ्या हिशेबानं एकदाच बोलली होती. पण माफी जास्तीची मिळत असेल तर नको कशाला म्हणा? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. अगदी मोठेपणानं म्हटलं, “जाऊ दे गं. झालं गेलं तापीला मिळालं. पण पुढच्या वर्षी गव्हाचं पाणी रोज बदलत जा.”

शोभा रडत रडत हसायला लागली. रमेशभाऊ हात जोडून माझ्याकडे बघत होते. आप्पांनीही हात जोडले. मी म्हटलं, “अहो आप्पा, हे काय, मी तुमच्या मुलीसारखी.” पण त्यांची नजर माझ्या तोंडावर नव्हतीच. वीतभर वर होती. रमेशभाऊंचीही.

म्हणून मी पाटावरून उठले आणि मागे वळून पाहिलं.

माझ्या डोक्याच्या बरोब्बर वर जिजींचा फोटो. मोगऱ्याचा हार, ताजा. खाली घागर, घागरीवर खरबूज, खरबुजाशेजारी आंबा. आणि फोटोतून जिजी माझ्याकडे अशा बघत होत्या की बाई, माझा टोस्ट खाल्लास ना?

माझ्या पायाखालची फरशी गार पडली, एवढ्या उन्हात. मी विचारलं, “शोभा, सुमनताई जेवून गेल्या ना सकाळी?”

“छे हो. त्या खापर द्यायला आल्या होत्या. उकाड्यानं बेजार झाल्या बिचाऱ्या.”

“आणि हा चहा-टोस्ट?”

“जिजींना शेवटी शेवटी तेवढंच जायचं ना. दात नव्हते. कूलरचं वारंही सोसायचं नाही त्यांना.”

म्हणजे पाय धुतले ते जिजींचे. वारा घातला तो जिजींना. माफी मागितली ती जिजींची. आणि मी त्यांच्या वतीनं सगळं पोटात घालून, वर एक सांजोरी जास्तीची खाऊन मोकळी झाले होते. मी मटकन पाटावर बसले. मग तो पाट कोणाचा ते आठवलं आणि पुन्हा उठले.

पण माझा स्वभाव बघा. अशा वेळीही एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवेना. “गल्लीत एवढ्या सवाष्णी आहेत. आपली बोलचाल पण बंद. मग मलाच का?”

शोभानं पदरानं नाक पुसलं. “दर वर्षी सुमनताईंना बसवायचो. गरीब बाई. जे वाढलं ते गोड म्हणायच्या, गपचूप जेवून जायच्या. जिजी आल्यासारखं वाटायचंच नाही हो घरात. मग या वर्षी आप्पाच म्हणाले, शेजारच्या वहिनींना बोलवा.”

आप्पा दारातून म्हणाले, “रीतसर झालं या वेळी.”

मी नारळ उचलला आणि घरी आले. दुपारभर पडून राहिले, पण झोप कसली येते. एकदा वाटायचं हसावं, एकदा वाटायचं गल्ली सोडून असीरगडला जाऊन राहावं.

संध्याकाळी गच्चीवर पाण्याचा आवाज आला. चर्र, चर्र. मी जिन्यावरून डोकावले. शोभा बादली घेऊन कड ओलांडून आली होती आणि माझ्या अर्ध्या भागावर पाणी मारत होती. मला बघून म्हणाली, “या वहिनी. कुठं सुकलंय का बघा, तुम्हाला लगेच दिसेल.”

मी गेले. खरबूज कापलं. ती एकदा हसली, मग मी हसले, मग दोघींना आवरेना. खालून जाणारे वर बघायला लागले. तिनं माझी म्हणून माफी काही मागितली नाही. मी पण विषय काढला नाही. एका दिवसात दोनदा पाय धुवून घ्यायची माझी हिंमत नव्हती.

तेवढ्यात आमचे हे वर आले. त्यांना मी सगळं सांगितलं, काही न लपवता, कारण मी नाही सांगितलं तर शोभा सांगणार होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. एकदाही हसले नाहीत. मला बरं वाटलं, म्हटलं, नवरा असावा तर असा.

मग त्यांनी खरबुजाच्या दोन फोडी उचलल्या आणि पलीकडे आप्पांच्या सतरंजीकडे निघाले.

मी म्हटलं, “अहो, इथं बसा ना. तिकडे कशाला?”

“काही नाही गं,” ते म्हणाले, “आप्पांना एवढंच विचारून येतो, इतकी वर्षं काढली कशी.”