आचारीभाऊंची भूक

फुलसावंगीच्या एका लग्नात मी आमच्या शेजारच्या आचारीभाऊंच्या पोटावर चापट मारली आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणालो, "वा भाऊ, पोट तर गायबच केलं. आमालेही सांगा औषध." माझं स्वतःचं पोट माझ्या आधी मांडवात शिरतं, म्हणून लोक हसले. आचारीभाऊ हसले नाहीत. "औषध कायचं? भूकच लागत नाही," एवढं म्हणून चुलीकडे वळले. मी तेही विनोदात जमा केलं.

महागावात ते आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे. न चाखता रांधणारा आचारी तुम्हीही कुठंतरी पाहिला असेल. पाचशे माणसांच्या वांग्याच्या भाजीची ते नुसती वाफ नाकाशी घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "अजून अर्धी मूठ." मीठ कधी चुकलं नाही. मी शाळेतला कारकून. माझी हजेरीपटावरची सहीसुद्धा दुसऱ्याच्या रकान्यात पडते. पंगत बसली की ते मांडवाच्या खांबाला टेकून जेवणाऱ्यांची तोंडं पाहायचे. कोणी भाजी दुसऱ्यांदा मागितली की हळूच म्हणायचे, "चालते."

शुगर त्यांना होती, मलाही आहे. चोरून पेढे खाण्यात आम्ही भागीदार. मग त्यांच्या पायाला जखम झाली, चिघळली, आणि अंगठा काढावा लागला.

फुलसावंगीचं लग्न त्यानंतरचं. माझ्या त्या चापटीनंतर तासाभरानं त्यांनी मला बोलावून तळहातावर भाजी टाकली. "मीठ पाहा बरं." मला केवढा मान वाटला. भाजीत मीठच नव्हतं. तसं सांगितलं, तर म्हणाले, "मले सारं एकसारखंच लागून राह्यलं, भाऊ. माती काय अन् भाजी काय."

त्यानंतर त्यांनी ऑर्डर घेतली नाही. अंगणात भाजी रांधायच्या मोठ्या, उपड्या गंजावर बसून राहायचे. दाढी नाही, आंघोळ नाही. एका सकाळी वहिनी, म्हणजे त्यांची बायको, आमच्याकडे आल्या.

"भाऊजी, गोळ्या उशीखाली दडवून ठेवतात. पट्टी बदलू देत नाहीत. म्हणतात, राहू दे, कायले? त्याईले यवतमाळले घेऊन जा. पायाच्या डॉक्टरकडं नाही, मनाच्या. तुमचं ऐकतात."

मी खुर्चीत ऐसपैस बसून जाणकारासारखा म्हणालो, "आधी पाय बरा होऊ द्या, वहिनी. मग मनाचं पाहू. एका वेळी एक."

वहिनी चहा अर्धाच ठेवून गेल्या.

मी मात्र रोज संध्याकाळी त्यांच्या अंगणात जाऊन विनोद सांगू लागलो. मला वाटायचं, मी उपचारच करतोय. ते समोरच्या भिंतीकडे पाहत बसायचे. एकदा विचारलं, "पाय कसा आहे?"

"पायाचं काय," ते म्हणाले, "तो दिसते तरी."

मी त्यावर एक विनोद सांगितला. कोणता, ते आठवत नाही. आठवलं नाही तेच बरं.

जखम पुन्हा उघडली. आधी पाऊल गेलं, मग गुडघ्याखालचा पाय. तिसऱ्या वेळी ते दवाखान्यातून परत आले नाहीत. गाव म्हणालं, शुगरनं गेले. मीही चार जणांना तेच सांगितलं. पण अजूनही पंगतीत दुसऱ्यांदा भाजी मागताना माझा हात मध्येच थांबतो, आणि मी खांबाकडे पाहतो. तिथं कोणी नसतं.

तेरवीहून घरी आलो तेव्हा मी बायकोला म्हणालो, "मी आपला पाय बरा व्हायची वाट पाहत बसलो."

"तो मनाच्या दुखण्यानंच तर बरा होत नोयता," ती म्हणाली. पातळाची घडी घालून झाल्यावर पुढं बोलली, "वहिनीच्या छातीत दुखते चार दिवसांपासून. झोप नाही. सारे म्हणतात, गॅस आहे. उद्या पहिल्या गाडीनं मी तिले यवतमाळले नेणार. छातीचा अन् मनाचा, दोन्ही डॉक्टर एकाच दिवशी दाखवणार."