दुखणं एकीचं, बोलणारे सगळे

नर्सची नोकरी करणाऱ्या बाईला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते रोज सकाळी आपल्या पायांनी दवाखान्यात येतात आणि जन्मभर डोक्यात मुक्काम ठोकतात. नोकरी सोडून इतकी वर्षं झाली, तरी जेवता जेवता एखादा आठवतो आणि घास हातातच राहतो. मी सांगायला लागले की लोक हसतात. हसा की! पण मला हे आठवून आजही राग येतो, आणि तो तुमच्या हसण्यानं कमी होत नाही.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. पुण्यात शिकून बाहेर पडले आणि बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या एका लहान दवाखान्यात लागले. गावाचं नाव सांगत नाही. ज्यांच्याविषयी बोलणार, त्यांची नातवंडं तिथंच नांदतायत. दवाखान्यात आम्ही तिघं. डॉक्टर, कंपाउंडर आणि मी. कालव्याच्या अंगाला ऊस, पाणी आणि डास. मोरगावच्या अंगाला बाजरी, शेरडं आणि पाण्याची बोंब. दोन्हीकडची दुखणी आमच्याच दारात यायची.

०००

पार्वती पहिल्यांदा आली ती नवऱ्याच्या मागं, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून. नवऱ्याचं नाव दगडू. डॉक्टर तिला विचारायचे आणि उत्तर दगडू द्यायचा.

"काय होतंय?"

"चक्कर येती तिला."

"भूक लागते?"

"लागती की."

"झोप?"

"लई झोपती! कामाच्या टायमालाच झोप येती."

डॉक्टर म्हणाले, "जीभ बघू." तर दगडूनं आपली स्वतःची जीभ हातभर बाहेर काढली!

"अहो, तुमची नव्हे! आजारी कोण आहे?" डॉक्टर ओरडले.

मी पार्वतीला पडद्यामागं नेलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली नावाला नाही, पांढरी फटक. बावीस वर्षांची पोर, चार बाळंतपणं झालेली. अंगात रक्तच नव्हतं. डॉक्टरांनी लोहाच्या काळ्या औषधाच्या दोन बाटल्या दिल्या. त्यांना डोसाची कागदी पट्टी चिकटवली आणि बजावलं, "या औषधानं शी काळी होते, घाबरू नका."

महिन्यानं पार्वती परत आली ती दवाखान्याच्या दोन पायऱ्या चढताना धापा टाकत. सुधारणा शून्य. डॉक्टर चक्रावले. मी दगडूला कंपाउंडरकडं पिटाळलं आणि तिला विचारलं, "औषध घेतेस ना गं? शी काळी होते का?"

ती कानाशी येऊन म्हणाली, "माझी न्हाय वं बाई. त्यांची झालीया."

ताकदीचं औषध म्हटल्यावर ते बायकोनं कसं प्यायचं? दोन्ही बाटल्या यानंच संपवल्या होत्या!

तेव्हापासून बाटली मी दवाखान्यात ठेवली. पार्वती पाण्याला जाताना यायची, माझ्यासमोर डोस घ्यायची आणि जायची. दोन-तीन महिन्यांत पापणीत लाली आली, धाप थांबली. आणि एक दिवस दगडू तोंड पाडून दारात उभा.

"नर्सबाई, ते काळं औषध का वं बंद केलं? मला चांगला गुण येत व्हता!"

०००

कालव्याच्या गावांत हिवतापाचा कहर. घराघरात थंडी वाजून कुडकुडणारी माणसं, पोटात पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली पोरं. मग सरकारनं डीडीटी फवारणारी माणसं पाठवली. तापलेल्या उन्हात, पाठीवर पंप बांधून, बिचाऱ्यांनी अख्खं गाव फवारलं. भिंतीवर डास बसला की मरणार, अशी ती योजना.

दुसऱ्या दिवशी मी गावात गेले तर जिकडंतिकडं ओल्या शेणाचा वास! एकूण एक बाईनं भिंती सारवून काढल्या होत्या. मी कपाळाला हात लावला.

"अगं, हे काय केलंत?"

एक जण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सरकारनं भिंती घाण करून ठिवल्या, त्या कुणी निस्तरायच्या? सरकार येणार हाय व्हय सारवायला?"

पंधरा दिवसांत तिचाच पोरगा थंडीतापानं फणफणून आमच्याकडं. क्विनाइननं वाचला. पण तिच्यावर ओरडायला गेले आणि मध्येच गप्प झाले. भिंत आठवडे न् आठवडे सारवायची नाही, हे तिला सांगितलंच कुणी नव्हतं. फवारणाऱ्यांनी घरधन्यांना सांगितलं होतं. घरधनी कधी सारवतो का?

०००

हा किस्सा हसण्यासारखा नाही. सात दिवसांचं बाळ आणलं होतं. अंगावर ओढत नव्हतं, जबडा गच्च मिटलेला. नुसता हात लावला तरी सगळं अंग ताठ व्हायचं. धनुर्वात. दुपारी आणलं, संध्याकाळच्या आत गेलं. आजी म्हणाली, सटवीनं नेलं. मी नाळ पाहिली होती. विळ्यानं कापलेली, वर शेण लावलेलं.

सटवीनं कसलं नेलं! विळ्यानं नेलं!

मी आसपासच्या गावांतल्या सुइणींना गोळा केलं. त्यांत गंगूआजी सगळ्यांत वयस्क. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. मी सांगितलं, नाळेवर शेण लावायचं नाही, राख लावायची नाही, आणि पातं खळखळत्या पाण्यात उकळल्याशिवाय नाळ कापायची नाही. आजीनं मान डोलावली. मला बरं वाटलं.

पुढं एका बाळंतपणाला आम्ही दोघी बरोबर होतो. आजीनं पाणी उकळलं, पातं टाकलं. चुलीपुढं बसून राहिली, अजिबात घाई केली नाही. मग सांडशीनं पातं बाहेर काढलं आणि ज्या पदरानं मघाशी चुलीवरचं पातेलं उतरवलं होतं, त्याच पदरानं लख्ख पुसलं!

मी किंचाळले. आजी दचकली.

"वरडताय काय, बाई? वलं व्हतं न्हवं!"

पातं पुन्हा उकळलं. ते बाळ जगलं. पण त्या दिवशी मला आजीचा राग आला नाही. मी तिला उकळ म्हणून सांगितलं होतं, का उकळायचं ते सांगितलंच नव्हतं. त्यानंतर आधी जंतू म्हणजे काय ते सांगायचे आणि मग पात्याला हात घालायचे.

०००

मोरगावच्या बाजूला एका गावात पायऱ्यांची विहीर होती. बायका घोटाभर पाण्यात उतरून कळशी भरायच्या, आणि गावात घरटी एक तरी पाय नारूनं सुजलेला. नारू म्हणजे पायातून बाहेर पडणारा दोऱ्यासारखा लांब जंत. त्याची जखम पाण्यात बुडाली की तो पाण्यात पिल्लं सोडतो. तेच पाणी प्यायलं की वर्षानं दुसऱ्याच्या पायातून नारू बाहेर. हे समजावून सांगायला वरून एक साहेब आले. चावडीपुढं लोक जमवले. साहेबांनी तासभर भाषण ठोकलं. पाणी गाळून प्या, दुहेरी फडकं वापरा, तुमच्या अडाणीपणामुळं तुम्ही आजारी पडता, वगैरे वगैरे.

भाषणानं घसा कोरडा पडला. सरपंचांनी तांब्या पुढं केला. साहेबांनी हातानंच नको म्हटलं आणि शिपायाला खूण केली. शिपायानं जीपमधून थर्मास आणला.

पुढंच एक म्हातारी बसली होती. पायातून अर्धा नारू निघालेला, तो काडीला गुंडाळलेला, तुटू नये म्हणून पाय जपून पसरलेला. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "सायेब, आमाला गाळून प्या म्हंता, आन् तुमी तर आमचं पाणी गाळूनबी पीत न्हाय!"

साहेब लालबुंद झाले. माझ्याकडं वळून म्हणाले, "सिस्टर, या लोकांना शिस्त लावा!"

मी म्हटलं, "आधी पंप लावा, साहेब. विहिरीत पाय घालायची वेळच येणार नाही." वरून लेखी समज आली मला. पंप काही आला नाही. मग गावानंच पायऱ्या बुजवून कठडा बांधला, रहाट बसवला. म्हातारीचा मुलगा स्वतः दगड वाहत होता.

०००

एका घरात मुलाचं लग्न ठरत होतं. मुलगा चांगला, पण गेले चार महिने खोकत होता, वाळत चालला होता. डॉक्टरांनी क्षयाची शंका सांगितली होती, आणि घरच्यांनी ती गिळून टाकली होती. मुलीचे वडील डाळजचे. सरळ माणूस, पण सावध. त्यांच्या कानावर काहीतरी गेलं. ते म्हणाले, "पुण्याला छातीचा फोटो काढा आन् डाक्टरला दाखवा. मग याद्या करू."

आठ दिवसांत मुलाचे वडील, आबा म्हणायचे त्यांना, मोठं पाकीट घेऊन हजर. पाकिटावर मुलाचं नाव. डाळजचे पाहुणेही सोबत.

डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. मला जवळ बोलावलं. मीही पाहिला.

आबा अधीर झाले. "साफ हाय न्हवं छाती?"

"छाती अगदी साफ आहे," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "फक्त एवढं सांगा, नवरदेव मंगळसूत्र कधीपासून घालायला लागले?"

दोन वाट्या गळ्याखाली पांढऱ्याशुभ्र उमटल्या होत्या! थोरल्या सुनेचा मागच्या वर्षीचा फोटो धाकट्याच्या पाकिटात घातला होता.

डाळजचे पाहुणे उठले, डॉक्टरांना नमस्कार केला आणि एसटी पकडायला निघून गेले. आबा मात्र आमच्यावरच उखडले. "तुमी सोयरीक मोडली!" म्हणे. पोराची छाती पोखरत चाललीय, याचं त्यांना काही नाही!

तिसऱ्या दिवशी तो मुलगा एकटाच आला. मान खाली घालून म्हणाला, "नर्सबाई, माझा खरा फोटो काढायचाय." पुण्याला पाठवून काढला. क्षय होताच. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं सुरू केली. रोज चार मैल चालत यायचा, एक दिवस चुकला नाही. महिनोन् महिने टोचून घेतलं त्यानं. बरा झाला. पुढं लग्नही झालं. पत्रिका द्यायला आला तेव्हा मुलीच्या घरी आजाराचं सगळं आधीच सांगून टाकलंय, असं मला आवर्जून म्हणाला.

०००

आमच्याकडं एक बागाईतदार यायचे. तात्या म्हणू. रात्रंदिवस तहान, पायाची जखम भरत नाही. डॉक्टरांनी लघवी निळ्या औषधात घालून दिव्यावर तापवली, तर विटेसारखी लाल झाली. मधुमेह. गूळ, साखर, काकवी, रस, सगळं बंद! गुऱ्हाळाच्या मालकाला!

दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी. पुन्हा वीट.

डॉक्टर चिडले. "तात्या, पथ्य पाळता का?"

"म्हंजे काय! घरात गुळाचा खडा न्हाय."

मागं त्यांची बायको उभी होती. आधीच किडकिडीत, आता निम्मी झालेली. मी विचारलं, "काय झालं हो तुम्हाला?"

तात्याच बोलले, अगदी कौतुकानं. "माझ्या पथ्याचं समदं तीच बघती. चहाबी बिनसाखरेचा घेती, बिचारी! मला फडावर, गुऱ्हाळावर ऱ्हावं लागतं. मला कसं जमायचं?"

पाय गेला तेव्हा मात्र तात्यांचा. त्यात बायकोला वाटेकरी होता आलं नाही.

०००

आता कौसाचं सांगते.

कौसाला तिची सासू दवाखान्यात घेऊन आली होती. लग्नाला सहा वर्षं, मूल नाही. उपास झाले, अंगारे झाले, पोटावर डागही दिलेले मी स्वतः पाहिले. डॉक्टरांनी नीट तपासलं आणि सासूला सांगितलं, "हिच्यात मला काही दोष दिसत नाही. आता मुलाला घेऊन या. त्याचीही तपासणी करावी लागेल."

सासू ताडकन उठली. "माझ्या पोराला काय धाड भरलीया? सकाळच्या पारी शेरभर दूध पितुया त्यो!"

मी म्हटलं, "दूध पिण्याचा आणि याचा काय संबंध, आत्याबाई?" पण ऐकतंय कोण! मुलगा एकदा दारापर्यंत आला, कसली तपासणी ते कंपाउंडरकडून कळलं, आणि आल्या पावली परत फिरला.

चार महिन्यांत त्यानं दुसरी बायको केली. कौसाला माहेरी धाडलं. एसटीला जाताना ती बोचकं घेऊन माझ्याकडं आली. रडत नव्हती.

"नर्सबाई, खरं सांगा. माझ्यात खोट हाय का?"

"नाही."

"मग तसं कागदावर लिवून द्या."

डॉक्टरांनी लिहून दिलं, सही केली, दवाखान्याचा शिक्का मारला. तिला वाचता येत नव्हतं. मी दोनदा वाचून दाखवलं. तिनं घडी घातली, चोळीत ठेवली आणि गेली. त्या दिवशी मी जेवले नाही.

दोन-अडीच वर्षं गेली. तिच्या भावानं तो कागद दाखवून भिगवणकडच्या एका भल्या माणसाशी तिचा पाट लावला, एवढं कानावर आलं होतं.

एका बाजारच्या दिवशी दवाखान्यात ही गर्दी. बाकावर कौसाची ती सासू, शेजारी नवी सून. सासू मला बघताच सुरू झाली.

"नर्सबाई, हीबी तसलीच निघाली बघा! माझ्या पोराचं नशीबच खोटं."

माझं डोकं फिरलं. "मुलाला आणलंय का?"

नव्या सुनेनं पदराआडून माझ्याकडं पाहिलं आणि खाली बघितलं.

तेवढ्यात दारात कौसा. आठवा महिना. मागं तिचा नवा नवरा, हातात पिशवी घेऊन. सासूची नजर तिच्या चेहऱ्यावर गेली, तिथून पोटावर उतरली आणि तिथंच थांबली. कंपाउंडरसुद्धा खल थांबवून बघत राहिला.

कौसा सावकाश चालत बाकापाशी आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "वाईच सरका की. आमी दोघं हाय."