न दुखणारा दात

माझे वडील नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, यात्रेकरूंचे विधी सांगत. एका पावसाळ्यात घाटाच्या ओल्या पायरीवर ते तोंडावर आपटले. ओठ फाटला, वरचा पुढचा दात जरा हलला आणि काही दिवसांत परत घट्ट बसला. पुढच्या दोन-तीन वर्षांत तो राखाडी पडत गेला. दुखत मात्र नव्हता. मधूनच त्याच्यावर हिरडीला एक पुटकुळी यायची, फुटायची आणि सगळं शांत व्हायचं.

"दाखवून या ना," आई म्हणायची.

"दाखवला की उपटतील. मग मंत्रातला 'त' आणि 'थ' कुठून काढू?"

मी तेव्हा कॉलेजात होते. एका सकाळी बाबा खोलीतून बाहेर आले आणि मी दचकलेच. ओठ नाकापर्यंत सुजला होता. आईने गरम पाण्याची पिशवी दिली. दुपारपर्यंत गाल फुगला, डाव्या डोळ्याखालची कातडी तकतकीत झाली, डोळा अर्धा मिटला. अंगात ताप. एरवी घर दणाणून सोडणारा माणूस भिंतीकडे तोंड करून पडला. पाणी पाजलं तर ओठाच्या कडेने गळून गेलं. शेजारच्या काकांनी दारातूनच पाहिलं.

"डोळ्यापर्यंत चढलंय. आता घरी ठेवू नका."

रिक्षाने आम्ही गंगापूर रोडला दातांच्या डॉक्टरांकडे निघालो. बाबांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

डॉक्टरबाईंनी बर्फासारखा गार कापूस शेजारच्या दाताला लावला. बाबा कळवळले. मग राखाडी दाताला लावला. बाबा स्वस्थ. एक्स-रेत त्याच दाताच्या मुळाच्या टोकाशी काळा डाग दिसला.

"आतली नस मेलीये," बाई म्हणाल्या. "पडलात तेव्हाच मार बसला असणार. म्हणून तर दुखत नव्हता. मुळाशी पू होत होता, पुटकुळीतून वाहून जात होता. या वेळी ती वाट बंद झाली. आणि शेक कोणी दिला? त्याने सूज वाढते."

आईने मान खाली घातली.

"डोळ्याला काही होईल का?" मी विचारलं.

त्यांनी बाबांची सुजलेली पापणी हलकेच उचलून पाहिली. "आज आलात ते बरं केलंत."



"उपटणार?" बाबांनी सुजल्या ओठांतून कसंबसं विचारलं.

"मूळ शाबूत आहे, कशाला उपटायचा? रूट कॅनाल करू. मागून भोक पाडून आतलं कुजलेलं काढायचं, मुळातली पोकळी साफ करून भरायची. दात जागेवरच राहील."

मशीन सुरू झालं. बाबांचे पाय खुर्चीवर ताठ झाले. पू निघाला तसा खोलीभर वास सुटला. आई तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मी बाबांचे पाय धरून उभी राहिले.

गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी डोळा पूर्ण उघडला आणि त्यांनी मऊ भात मागितला. पुढे आणखी काही खेपा झाल्या, दात भरला, त्यावर कॅप बसली. ते पुन्हा गंगेवर जाऊ लागले. मी मात्र कितीतरी दिवस सकाळी उठल्याबरोबर, ते जागे व्हायच्या आत, त्यांचा चेहरा पाहून यायचे.