बूटला दिली मागची बाजू

आता हसायचं नाही, आधीच सांगतोय! म्हणजे हसा, पण चहा संपल्यावर.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मीरा रोडच्या शांती नगरातल्या आमच्या वन रूम किचनमध्ये कॉम्प्युटर आला तो बायकोच्या कामासाठी. मंदा घरबसल्या लग्नपत्रिका बनवून द्यायची. त्यात विंडोज होतं. मला एका मासिकाबरोबर लिनक्सची, म्हणजे विंडोजसारख्याच दुसऱ्या सिस्टिमची, सीडी फुकट मिळाली आणि डोक्यात किडा वळवळला. एकाच मशीनमध्ये दोन्ही! हवं ते चालू करा!

"अहो, वरच्या कांबळेकाकांच्या लेकीची पत्रिका आहे त्यात. उद्या प्रेसला जायचीय," मंदा म्हणाली.

"काही होणार नाही गं!"

रविवारी सकाळी बसलो डिस्कचे भाग पाडायला. विंडोजला पुढचा, लिनक्सला मधला. आणि बूटचा छोटा भाग, जिथून मशीन सुरू होतं, तो कुठे? मीरा रोडला फ्लॅट घेतलेल्या माणसाला हे विचारायचं? रस्त्याकडची जागा म्हणजे धूळ आणि रिक्षांचा कलकलाट! मागची बाजू कशी शांत. दिला बूटला डिस्कचा पार शेवट!

मशीन चालू केलं. पडद्यावर एल आणि आय अशी दोन अक्षरं उमटली. बस्स, पुढे ढिम्म! त्या काळच्या मशीनला सुरू होताना इतक्या मागे पोचताच येत नसे, हे मला कोण सांगणार?

तेवढ्यात कांबळेकाका दारात.

"झाली का पत्रिका?"

"आहे ना काका. पुढच्या भागात, एकदम सुखरूप."

"मंग दाखवा की."

"त्याचं दार मागच्या भागात गेलंय."

"मंग त्ये उघडा."

"तिथवर मशीन पोचत नाहीये."

काका खुर्चीत बसले. "म्हंजे पत्रिका हॉलमधी, आन् दार गच्चीवर?"

मला दरदरून घाम! "दोन मिनिटं हां काका!" सीडी घातली आणि मागचा भाग पुसून पुढे आणायला निघालो. घाईत पुसला कुठला? पुढचा! विंडोज गेलं, पत्रिका गेली. लग्न तोंडावर आलेलं, काकांचा चेहरा एवढासा. खरंच सांगतो, जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. पण चौथ्या मजल्यावर तीही सोय नाही!

मंदा स्वयंपाकघरात गेली. रव्याच्या डब्यामागून एक फ्लॉपी काढली आणि काकांच्या हातात ठेवली. "ही थेट प्रेसला द्या काका. पत्रिका यात आहे."

"ही कॉपी कधी काढलीस गं?" मी विचारलं.

"काल. तुम्ही 'काही होणार नाही' म्हणालात ना, तेव्हाच."

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, मी पंखा दुरुस्त करायला स्टुलावर चढलो की ही दरवेळी शेजाऱ्यांकडे का जाऊन बसते!